बी रुजवायला डबा कोणता?
दह्याचे डबे, दुधाच्या पिशव्या, कागदी कप, काहीही चालेल. तळाला 3-4 भोकं मात्र हवीतच. पाणी साचलं की कोवळं रोप मातीलगत सडून आडवं होतं, मग ते वाचत नाही. टोमॅटो, मिरची, वांग्याचं बी जेमतेम अर्धा सेंटीमीटर खोल टाका, वरची माती दाबू नका. पाणी ताटलीत ओतून खालून द्या. वरून धार सोडली की बी वाहून एका कडेला गोळा होतं. अंकुर दिसला की लगेच भरपूर उजेडात हलवा, नाहीतर रोपं लांबुडकी, लेचीपेची होतात. काकडी-भोपळ्याला मी कागदी कपच घ्यायला सांगेन. त्यांना मुळं दुखावलेली खपत नाहीत, त्यामुळे कप अलगद फाडून मातीच्या गोळ्यासकट रोप लावता येतं.