साथीत लेकराला बागेत न्यावं का?

ताई, पहिलंच लेकरू आणि त्यात कोरोनाची साथ आली की जीव टांगणीला लागणारच. पण बागा बंद ठेवायचा आदेश नसेल तर लेकराला घरात कोंडून ठेवू नकोस. कोरोना मुख्यतः श्वासातून पसरतो. बंद खोलीत धोका जास्त, उघड्यावर बराच कमी. गच्च भरलेल्या हॉलमधल्या बारशापेक्षा बागेतली घसरगुंडी कधीही बरी. (बारशाला नाही म्हणणं किती अवघड असतं, ते मला माहीत आहे!)

पाहायची ती गर्दी. आपल्या मराठवाड्यात एप्रिल-मेच्या दुपारी लोखंडी घसरगुंडीला हात लावता येत नाही, म्हणून सगळी कॉलनी संध्याकाळी एकदमच लोटते. तू सकाळी उन्हं चढायच्या आत जा. झोक्यापाशी रांग दिसली तर लांब मातीत खेळव, नाहीतर सरळ घरी फीर.

झोके पुसत बसू नकोस. वस्तूंना हात लावून लागण होण्याचा धोका कमीच, अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनंही २०२१ मध्ये तेच सांगितलं. खेळून झालं की साबणानं २० सेकंद हात धुवायचे, तोवर बोट तोंडात नाही. बागेतल्या नळाचा भरवसा धरू नकोस, पाण्याची बाटली घरूनच ने.

दोन वर्षांच्या आतल्या लेकराला मास्क अजिबात नको, श्वास कोंडतो. पाचच्या आतल्यांनाही तो बंधनकारक नसावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मास्क तू लाव. लेकरं पळत असतात, बाकावर खेटून गप्पा मारतो त्या आपण आयाच.

घरात कुणाला ताप-खोकला असेल तर बरं होईपर्यंत बाग बंद. सासूबाईंना शुगर असेल तर जरा जास्तच जप.