शरीर तुझं नाही

प्रभूमध्ये प्रिय,

सप्रेम सलाम. तुझं पत्र मिळालं. तू मंडळीचा पाळक (पास्टर), वय एकतीस, बीपी १६०/१००, डॉक्टरांनी गोळी लिहून दिलेली, आणि तू मला विचारतोस की गोळी सुरू केली तर प्रार्थनेवरचा विश्वास कमी पडला असं होईल का! मला राग आला. तुझ्यावर नाही, तुझ्या डोक्यात हे ज्यांनी भरवलं त्यांच्यावर.

शरीर तुझं नाही. तुम्ही मोल देऊन विकत घेतलेले आहात, म्हणून शरीराने देवाचं गौरव करा, असं प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलं. हे वचन आपण व्यभिचाराविरुद्धच्या उपदेशात वापरतो आणि तिथेच सोडून देतो. रक्तदाब, साखर, पोटाचा घेर यांच्याशी त्याचा जणू संबंधच नाही. जे आपलं नाही ते उधळायचा हक्क तुला कोणी दिला?

पौलाच्या हातून रोगी बरे झाले होते. तरी त्याचा तरुण सहकारी तीमथ्य याचं पोट सारखं दुखायचं तेव्हा त्याने, नुसतं पाणी पिऊ नकोस, थोडा द्राक्षारस घे, असं कळवलं. दुसरा सहकारी त्रफिम याला मिलेत शहरात आजारी ठेवून त्याला पुढे जावं लागलं. अखेरच्या दिवसांत जवळ उरला तो लूक, म्हणजे वैद्यच. संदेष्टा एलीया रतामाच्या झाडाखाली मरण मागत पडला होता. देवदूताने त्याला उपदेश केला नाही, भाकर-पाणी दिलं, झोपू दिलं आणि पुन्हा उठवून खायला घातलं. हे सगळं तू सेमिनरीत शिकलास. मग गोळीपाशीच का अडतोस?

मी जन्मभर मिशनच्या दवाखान्यात ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स होतो. वाढलेला रक्तदाब बहुतेक वेळा दुखत नाही, कळतही नाही, आणि आतल्या आत मूत्रपिंडं, डोळे, मेंदू, हृदय पोखरत राहतो. डायलिसिसच्या खाटेवर मी पाळक पाहिलेत. पन्नाशीही न गाठलेले. अंत्यविधीला सगळे म्हणतात, ‘सेवेत झिजले, प्रभूने बोलावून घेतलं.’ गोळ्या मधेच सोडल्या होत्या हे कोणी बोलत नाही. आणि काही दिवसांनी त्यांची बायको लेकरं घेऊन पाळकगृह रिकामं करत असते, तेव्हा स्तुती करणाऱ्यांतलं कोणी ट्रंक उचलायलाही येत नाही.

माझे थोरले बंधूही पाळकच. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आठवडाभर आधी, त्यांच्या छातीत कळ आली. मी म्हणालो, आत्ता चला. ते म्हणाले, ईस्टर होऊ दे. शुभ शुक्रवारची उपासना दुसऱ्या कोणीतरी घेतली. तेव्हापासून मी हट्टी झालो. रात्रभराच्या जागरण-प्रार्थनेला मी बसत नाही, मंडळीच्या पंचांची बैठक लांबली की उठतो, पहाटेचं चालणं कोणासाठी मोडत नाही. मंडळीत म्हणतात, याला शरीर फार प्यारं. म्हणू देत. मला माझ्या निर्णयाचं वाईट वाटत नाही. ज्याचं शरीर आहे त्याला हिशेब द्यायचाय, पंचांना नाही.

तू लिहितोस, व्यायामाचा वेळ सेवेतून चोरल्यासारखा वाटतो. अरे, बास्केटबॉल १८९१ मध्ये ज्याने शोधला तो जेम्स नेस्मिथ ईश्वरविज्ञान शिकलेला होता. वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं. त्यांना ही चोरी वाटली नाही. आठवड्याला दीडशे मिनिटं जलद चालणं, एवढं जागतिक आरोग्य संघटना मागते. तेवढा वेळ तर तुझा वाढदिवसांच्या हारतुऱ्यांत जातो.

आता गृहभेटी. तुझ्या दुखण्याचं निम्मं मूळ तिथे आहे असं माझं मत. सहा घरं, सहा कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे पन्नास ग्रॅमच्या आसपास, आणि वर शेव-फरसाण. नको म्हटलं तर घरधनीण दुखावेल म्हणतोस. पहिल्यांदा दुखावेल. दुसऱ्या वेळी ती स्वतःच विचारेल, ‘पास्टर, बिनसाखरेचा टाकू का?’ पण पहिल्यांदा तोंड तुला उघडावं लागेल. सुकट, लोणचं, पापड यांचंही तेच. दिवसाला पाच ग्रॅम म्हणजे सपाट चमचाभर मीठ, त्यात सगळं आलं. आणि मंडळीतले पुरुष तुझ्याकडे बघून शिकतात, हे विसरू नकोस. महिला मंडळातल्या बायका आरोग्य शिबिरात रांग लावतात. पुरुष बाहेर मोटरसायकलींना टेकून गप्पा मारतात. पाळकाने आधी दंडाला बीपीचा पट्टा बांधून घेतला की बाकीचे येतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

शुक्रवारच्या उपासाचं विचारलंस. डॉक्टरांना विचारून कर, चोरून नको. घोटभर पाण्याबरोबर गोळी घेतल्याने उपास मोडत नाही, आणि कोणी मोडतो म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठव. साखर मात्र अजून तपासलेली नाहीस, ती या आठवड्यात उपाशीपोटी तपास. तुझे वडील मधुमेही होते, मला ठाऊक आहे. कंबरेचा घेर मोज. आपल्याकडच्या पुरुषाला नव्वद सेंटिमीटरच्या वर धोका धरतात.

पुढच्या पत्रात उपदेशाचे मुद्दे नकोत. सकाळ-संध्याकाळचे बीपीचे आकडे तारखेसह लिही, आणि गोळी कोणती, किती मिलिग्रॅमची, तेही.

तुझा,
काका