वर्षाला सहा हजार किलोमीटर आणि जुनी डिझेल स्विफ्ट

नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळ राहणाऱ्या एका शिक्षिका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. घरात पहिली चारचाकी घ्यायची आहे, जुनीच. शाळा सहा किलोमीटरवर, महिन्यातून एकदा कळवणजवळच्या गावी सासूबाईंना भेटायला जाणं, बाकी किरकोळ फिरणं. यजमान अंबडच्या कंपनीत कायम नोकरीला आहेत आणि कंपनीच्या बसने जातात. दोन गाड्या नजरेत आहेत. पहिली २०१७ ची स्विफ्ट डिझेल, दुसऱ्या मालकाची, ९२ हजार किलोमीटर चाललेली, किंमत ४ लाख १० हजार. दुसरी २०१९ ची वॅगन-आर १.२ पेट्रोल, एकाच मालकाची, ३८ हजार किलोमीटर, किंमत ४ लाख ४५ हजार. दीर म्हणतात, डिझेल घ्या, ॲव्हरेज चांगलं आणि ३५ हजार वाचतात. गाडी दाखवणारा एजंट म्हणतो, एफडी मोडू नका, अडीच लाखांचं कर्ज करून देतो. हाताशी ४ लाख आणि ३ लाख अशा दोन एफडी आणि बचत खात्यात ७० हजार आहेत. जुलैत मुलीच्या कॉलेजची १ लाख २० हजार फी भरायची आहे.

ताई, आधी माझं मत सांगतो. वॅगन-आर घ्या, पण इंजिन तपासून घेतल्यावरच, आणि कर्ज काढू नका. आता कारणं.

तुमच्या दिरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. डिझेलचं ॲव्हरेज चांगलं असतंच. पण ॲव्हरेजचा फायदा गाडी किती पळते त्यावर मिळतो, आणि तुमच्या सांगण्यावरून तुमचं रनिंग महिन्याला ५०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे वर्षाला सहा हजार होतं. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ रुपये लिटर धरू. शहरात वॅगन-आर १५ चं ॲव्हरेज देईल असं धरलं तर वर्षाला ४०० लिटर, म्हणजे ४१,६०० रुपये. स्विफ्ट १९ चं देईल असं धरलं तर ३१६ लिटर, म्हणजे सुमारे २८,७०० रुपये. फरक वर्षाला १३ हजारांच्या आत. डिझेलचं ऑइल आणि फिल्टर महाग, त्याचे तीन-चार हजार वजा केले की हातात नऊ हजार उरतात. पाच वर्षांत ४५ हजार. पूर्ण जमेची बाजू एवढीच, आणि तीही त्या पाच वर्षांत एकही मोठं काम निघालं नाही तर.

स्विफ्टमधलं १२४८ सीसीचं डिझेल इंजिन वाईट आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. मूळ फियाटचं मल्टिजेट. मारुतीने ते परवान्याखाली इथे बनवलं, टाटाच्या गाड्यांतही ते होतं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हा धुराचा कडक नियम आला तेव्हा मारुतीने डिझेल बंद केलं, तरी रस्त्यावर इतक्या गाड्या आहेत की पार्ट मिळायची आणि काम येणारा मेकॅनिक सापडायची अडचण नाशकात येत नाही. लांब पळणाऱ्या माणसाला हे इंजिन छान साथ देतं.

तुमचा वापर मात्र त्याच्या स्वभावाच्या उलट आहे. सहा किलोमीटर जायचं, गाडी उभी करायची, सहा किलोमीटर यायचं, यात डिझेल इंजिन नीट तापतच नाही. काजळी धरते, ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) चोंदतो, पिकअप जातो, काळा धूर येतो. त्यात ही गाडी ९२ हजारांवर आहे. मागच्या मालकाने ऑइल वेळेवर बदललं नसेल तर टायमिंग चेन (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी) सैल पडते आणि टर्बोच्या (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) बेअरिंगला आधी त्रास होतो. डिझेल फवारणारे इंजेक्टर खराब झाले तर एकेका नव्या इंजेक्टरला दहा हजारांच्या पुढे मोजावे लागतात, आणि असे चार. नाशिककरांना इंजेक्टर नवा नाही, मायको सर्कलला ज्या कारखान्याचं नाव पडलं तिथे तेच बनत आले. त्यामुळे दुरुस्ती करणारे इथे मिळतात आणि नव्यापेक्षा स्वस्तात काम होतं, पण होतं ते पाच आकड्यांतच. टर्बो बदलायची वेळ आली तर पाच वर्षांचे ४५ हजार एका बिलात गेले समजा.

म्हणून मी दोन्ही गाड्यांच्या किमतीत पहिल्या वर्षाचा खर्च मिळवून बघतो. कागदपत्रं आणि इन्शुरन्सचे २० हजार दोन्हीकडे सारखे. स्विफ्टसाठी ७० हजार बाजूला ठेवायला सांगेन: क्लच, सस्पेन्शन, टायर आणि इंजेक्टर-टर्बोपैकी एखादं काम. एकूण ५ लाख. वॅगन-आरसाठी ३० हजार पुरेत. चारही टायर २०१९ चे असतील तर ते बदलायचेच, शिवाय बॅटरी आणि एक पूर्ण सर्व्हिसिंग. एकूण ४ लाख ९५ हजार. दिरांना दिसलेले ३५ हजार इथेच संपले. पुढे विकायच्या वेळचंही बघा. स्विफ्टची १५ वर्षांची नोंदणी २०३२ ला संपते, वॅगन-आरची २०३४ ला. पाच-सहा वर्षांनी विकायला काढाल तेव्हा ही दोन वर्षं गिऱ्हाईक बरोबर मोजतं.

उलट तुमचे यजमान रोज सिन्नर किंवा पिंपळगावला स्वतः गाडी नेत असते आणि महिन्याचं रनिंग दीड हजारांवर असतं, तर मी हेच आकडे मांडून तुम्हाला चांगली राखलेली डिझेल शोधायला सांगितलं असतं.

पेट्रोल म्हणजे बिनधोक असंही नाही. वॅगन-आरचं १.२ इंजिन चार सिलिंडरचं, के-सिरीजचं, चेनवर चालणारं. बेल्ट तुटून व्हॉल्व्ह वाकायची भीती त्यात नाही. (जुनी आय-टेन १.१ बघायला गेलात तर तिथे बेल्ट असतो, तो कधी बदलला हे पहिलं विचारायचं.) या इंजिनात सहसा निघतं ते किरकोळ: इग्निशन कॉइल गेल्याने गाडी मिस मारणं, थ्रॉटल बॉडीत कार्बन, इंजिन माउंटिंग बसल्याने एसी लावल्यावर स्टिअरिंगला थरथर. ही हजारांतली कामं आहेत. एक गोष्ट मात्र नक्की तपासा. ३० जुलै ते १ नोव्हेंबर २०१९ या काळात बनलेल्या काही वॅगन-आर कंपनीने मार्च २०२४ मध्ये इंधन पंपाच्या मोटरसाठी परत बोलावल्या होत्या. त्याआधी २०२० मध्येही पंपासाठीच गाड्या बोलावल्या होत्या, त्या १.० इंजिनच्या. चॅसिस नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा, ते लगेच सांगतात. तिथेच सर्व्हिसिंगचा जुना रेकॉर्डही मागा, किलोमीटर मागे केलं असेल तर ते त्यात उघड होतं. रेकॉर्ड अर्धवट असेल तर टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. ३८ हजारांच्या गाडीला मूळचे टायर असायला हरकत नाही. २०२२ चे चारही टायर दिसले तर ते इतक्या लवकर का बदलले, हे विचारा.

आता इंजिन बघायचं. सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगा की गाडी चालू करून ठेवू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या, कारण इंजिनचे बरेच दोष थंड असतानाच बोलतात. पहिल्या सेल्फला इंजिनच्या एका बाजूने दोन-तीन सेकंदांहून जास्त खडखड आली तर चेन किंवा तिचा टेन्शनर संशयात. सायलेन्सरमागे कुणाला तरी उभं करा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. थंडीत थोडी वाफ येते, ती विरते. पण पांढरा धूर दहा मिनिटांनीही थांबत नसेल आणि त्याला गोडसर वास असेल तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) आत जातोय. त्यानंतर ऑइलचं झाकण उघडून त्याची आतली बाजू बघा. दुधाळ, कॉफीच्या रंगाचा साका दिसला आणि डिपस्टिकवरही तसंच ऑइल आलं तर हेड गास्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांमधलं पॅकिंग) गेलंय असं समजून निघा, कितीही स्वस्त दिली तरी.

कूलंटच्या बाटलीला लोक महत्त्व देत नाहीत, मी फार देतो. बाटलीत स्वच्छ, रंगीत कूलंट हवा. गढूळ तपकिरी पाणी असेल तर कुणीतरी वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलं आहे, आतून गंज धरलाय, आणि तुमची गाडी एप्रिल-मे महिन्यात चाळिशीच्या उन्हात कळवणच्या रस्त्याला लागणार आहे. इंजिन एकदा तापून बंद पडलं की हेड उतरवायचा खर्च समोर येतो. तेव्हा गाडी एसी लावून अर्धा तास चालवा, मुंबई नाका किंवा द्वारका चौकाच्या गर्दीत मुद्दाम न्या, इंजिनचं तापमान चढत नाही ना आणि फॅन लागतो का ते बघा. क्लचही तिथेच कळतो. नंतर मोकळ्या रस्त्याला तिसऱ्या गिअरमध्ये हळू वेगावरून जोरात ॲक्सिलरेटर द्या. इंजिनचा आवाज चढला आणि गाडी त्या मानाने सरकली नाही तर क्लच प्लेट संपली आहे, तेवढे पैसे किमतीतून वळते करा.

एवढं करूनही स्वतःच्या मेकॅनिककडून स्कॅनर लावून घ्याच. त्याला एकच सांगा, एरर कोड तर बघच, पण सेल्फ-टेस्ट पूर्ण झाल्यात का तेही बघ. विकायच्या आदल्या दिवशी कोड पुसले असतील तर त्या टेस्ट अपूर्ण दिसतात. एजंटचा मेकॅनिक चालणार नाही. तपासणीचे हजार-दोन हजार गेले तरी वाईट वाटून घेऊ नका.

आता एजंटचा हिशेब. तो म्हणतो, अडीच लाखांवर चार वर्षांत कर्जाचं व्याज ७८ हजार आणि तेवढ्याच रकमेच्या एफडीवर व्याज ७७ हजार, मग एफडी का मोडायची? १४ टक्क्यांनी हप्ता ६,८३० बसतो आणि एफडी पावणेसात टक्क्यांनी धरली तर हे दोन्ही आकडे बरोबर आहेत. म्हणूनच माणूस फसतो. कर्जाची मुद्दल दरमहा कमी होत जाते आणि एफडीची तशीच वाढत राहते, त्यामुळे दुप्पट दर असूनही रुपये सारखे दिसतात. चार वर्षं तुमच्या पगारातून जाणारा तो हप्ता या हिशेबात कुठेच नाही. कर्ज न काढता तेच ६,८३० रुपये दरमहा त्याच दराच्या आरडीत टाकले तर चार वर्षांनी सुमारे ३ लाख ७५ हजार होतात. कर्ज काढून जपलेली एफडी ३ लाख २७ हजार होते. फरक ४८ हजारांचा.

तेव्हा ४ लाखांची एफडी मोडा. मुदतीआधी मोडल्याचा साधारण अर्धा ते एक टक्का दंड जाईल, तो जाऊ द्या. बचत खात्यातले ६५ हजार घाला. वॅगन-आरचे ४ लाख ४५ हजार देऊ नका, ४ लाख २५ हजारांवर आणा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि वर लागणारा सेसही गेला. नव्या वॅगन-आरची किंमत उतरली म्हणजे जुनीची उतरायलाच हवी. शोरूमचं ताजं कोटेशन खिशात ठेवून बोला. मग एकूण खर्च ४ लाख ७५ हजारांपर्यंत येतो, दहा हजार कमी पडतात, ते एका पगारातून निघतील. टायर एक महिना उशिरा घातले तरी चालेल, ते तडकलेले नसतील तर. ३ लाखांच्या एफडीला गाडीसाठी हात लावू नका. त्यातून जुलैची फी भरली की १ लाख ८० हजार राहतात. दोघांची नोकरी पक्की असली तरी आजारपणाला एवढे हवेतच. अचानक गरज पडली तर त्या एफडीवर ओव्हरड्राफ्ट मिळतो, दर एफडीपेक्षा एक-दोन टक्के जास्त, एजंटच्या कर्जापेक्षा कितीतरी कमी.

टोकन देण्याआधी सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर आरसी बघा: कर्जाचा बोजा उतरलाय का, ई-चलान बाकी आहेत का, पासिंग एमएच-१५ चंच आहे का. परराज्यातली गाडी असेल तर एनओसी आणि रोड टॅक्सचा खर्च वेगळा. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्यावरच शेवटचे ५० हजार द्या, आणि पेठ रोडच्या आरटीओत गाडी तुमच्या नावे होईपर्यंत एजंटच्या मागे लागा. इन्शुरन्स १४ दिवसांच्या आत नावावर करा. मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची सूट) तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे प्रीमियम त्याच्यापेक्षा जास्त येईल. २० हजारांत मी तो धरलेला आहे.

मेकॅनिकच्या तपासणीत क्लच किंवा कूलिंगचं काम निघालं तर त्याने सांगितलेला आकडा मला कळवा. किंमत कुठपर्यंत खाली मागायची आणि कुठे गाडी सोडून द्यायची, ते त्यावरून सांगतो.