'शनवार तेली' म्हणजे कोण?

अलिबागकडच्या एका जुन्या घराला म्हातारी माणसं 'शनवार तेल्यांचं घर' म्हणतात. ही तेल्यांची पोटजात का, असा प्रश्न आला आहे.

पोटजात नव्हे. शनवार तेली म्हणजे बेने इस्रायल, जुन्या कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यातले मराठी बोलणारे ज्यू. नवगावजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचे आपण वंशज, अशी त्यांची परंपरा सांगते. गावोगाव त्यांनी तेलाचे घाणे घातले आणि शनिवारी घाणा जुंपायचा नाही हा नेम पाळला. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली ते 'सोमवार तेली', म्हणून हे 'शनवार तेली'. जवळ धर्मग्रंथ नव्हते. शनिवार, आठव्या दिवशीची सुंता, खवल्यांचेच मासे खाणं आणि 'शेमा' ही प्रार्थना, एवढ्यावर धर्म टिकला. शेजाऱ्यांना त्यातलं जे रस्त्यावरून दिसलं, त्याचंच नाव पडलं. मला हे नाव फार मोलाचं वाटतं, कारण त्यात गावाने एका परक्या धर्माचा मुख्य आचार अचूक टिपला आहे.

त्यांच्या सणांची नावं तर आणखी गोड. वर्षारंभ तो 'नव्याचा सण'. योम किप्पूरला, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी, दिवसभर दारं लावून उपास करायचा, म्हणून तो 'दारफाळणीचा सण', आणि दुसरा दिवस 'शिळा सण'. नव्या धान्याची नारळाच्या दुधातली खीर झाली की 'खिरीचा सण'. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाचा उपास मोड आलेल्या वालांच्या बिरड्यावर सुटायचा, म्हणून 'बिरड्याचा रोजा'. हिब्रू दुःख, कोकणी बिरडं आणि मुसलमान शेजाऱ्यांकडून आलेला रोजा, सगळं दोन शब्दांत! प्रार्थनास्थळालाही ते 'मशीद'च म्हणत. सॅम्युएल दिवेकरांनी 1796 साली मुंबईत बांधलेलं सिनेगॉग ही त्यांची 'जुनी मशीद'.

मुंबईत पलटणीत, सुतारकामात, पुढे कचेऱ्यांत ही मंडळी शिरली आणि घाणे मागे पडले. त्यामुळे आजच्या माणसांबद्दल लिहिताना 'बेने इस्रायल' म्हणावं. 'शनवार तेली' जुन्या गावाविषयी बोलतानाच शोभतं. त्या घराचं मूळ शोधायचं तर आधी आडनाव विचारा. किहीमकर, झिराडकर, रोहेकर, पेणकर, तळकर, अष्टमकर: गावाचं नाव त्यातच सापडेल.