बाबांना तिखट सोसेनासे झाले आहे

प्रश्न : माझे वडील नागपुरात महाल भागात राहतात आणि अनेक वर्षांपासून खर्रा खातात. लवकरच ते सहा महिन्यांसाठी आमच्याकडे टोरांटोला येत आहेत. येथे खर्रा मिळणार नाही, तेव्हा सवय आपोआप सुटेल काय?

उत्तर : आपोआप सुटणार नाही. तुम्ही ओझरते लिहिले आहे की बाबा हल्ली सावजी रस्सा टाळतात आणि लग्नाच्या पंगतीतून अर्धपोटी उठतात. मला सर्वाधिक काळजी या वाक्याची वाटली. खर्र्यात तंबाखू आणि चुन्यासोबत सुपारी भरपूर असते, आणि सुपारीमुळे गालांच्या आतील अस्तर हळूहळू ताठर होत जाते. तिखटाने होणारी आग हे त्याचे सुरुवातीचे लक्षण असते. पुढे तोंड उघडणेच कमी होते आणि कर्करोगाचा धोका वाढतो. ताठरलेला भाग बहुधा पूर्ववत होत नाही, परंतु सुपारी थांबवल्यास पुढील हानीला आळा बसू शकतो. म्हणून निघण्यापूर्वी त्यांना मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) परिसरातील शासकीय दंत महाविद्यालयात दाखवून घ्या, कारण पाहुण्यांच्या प्रवास विम्यात आधीपासूनचे आजार सहसा धरले जात नाहीत.

सोडण्याची सुरुवातही नागपुरातच, प्रवासाच्या तीन-चार आठवडे आधी व्हावी. निकोटिन बंद झाल्यावरची चिडचिड आणि निद्रानाश पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असतो. त्यात विमानप्रवासाने बिघडलेल्या झोपेची भर पडली, तर नातवंडांसमोर रोज वाद होतील. भारतातून 1800112356 या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते. जबडा आखडला असेल तर निकोटिनची गोळी चघळणे जड जाते, त्यामुळे त्वचेवर चिकटवायच्या निकोटिनच्या पट्टीविषयी डॉक्टरांना विचारावे. आणि कोणी प्रेमाने सुगंधित सुपारीची पाकिटे सामानात भरली, तर ती काढून ठेवा. तंबाखू नसली तरी सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे.

व्हिडिओ कॉलवरून दटावणे मात्र थांबवा. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पन्नीत घोटलेला खर्रा पानठेल्यावर मिळतोच, आणि निवृत्त माणसाला तेथे खर्र्याबरोबर चार माणसेही भेटतात. ही सोबत तोडून त्या जागी काहीच दिले नाही, तर परतल्यावर दुसऱ्याच दिवशी बाबा पुन्हा ठेल्यावर उभे दिसतील, आणि त्यात नवल नाही. नागपुरातल्या काकांना आताच विश्वासात घ्या, संध्याकाळी बाबांसोबत फिरायला कोण जाईल हे ठरवा आणि परतीच्या आठवड्यातच पुढील तपासणीची वेळ घेऊन ठेवा.