वाचकांचे प्रश्न : फ्लॉरेन्समधली इंग्रजांची दफनभूमी आणि आपले राजाराम महाराज

मागच्या अंकात इटलीच्या ट्रिपबद्दल उत्तर देताना मी फ्लॉरेन्समधल्या 'इंग्लिश सिमेटरी'चं एका ओळीत नाव घेतलं होतं. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आणि मेल आले की ह्या वेळचं सगळं सदर त्यालाच देतोय.

प्रश्न (कोल्हापूर) : आम्ही फॅमिलीसोबत मे महिन्यात इटलीला चाललोय. आमचे छत्रपती राजाराम महाराज फ्लॉरेन्सला वारले आणि तिथे त्यांची समाधी आहे असं लहानपणापासून ऐकतोय. ती समाधी ह्याच इंग्रजांच्या सिमेटरीत आहे का?

नाही. दोन जागा शहराच्या दोन टोकांना आहेत, त्यामुळे टॅक्सीवाल्याला नीट सांगा.

राजाराम महाराज (दुसरे) १८६६ साली गादीवर आले आणि १८७० मध्ये युरोपला गेले, इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरियाला भेटले, पार्लमेंट पाहिलं, रोजची डायरी लिहीत होते, आणि परतीच्या वाटेवर आजारी पडून ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्सच्या एका हॉटेलात गेले. जेमतेम विशीतलं पोर होतं ते. त्यांच्यासोबत कॅप्टन वेस्ट नावाचा इंग्रज अधिकारी होता, त्यानेच पुढे १८७२ मध्ये ती डायरी छापून आणली. मिळाली तर जाण्याआधी जरूर वाचा.

आता विचार करा, कॅथलिक देश, दहनाची पद्धतच नाही, आणि बरोबरची माणसं म्हणतायत की आम्हाला आमच्या रीतीने अग्नी द्यायचाय, तेही नदीकाठी. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होतं (१८६५ ते १८७१), त्यामुळे निर्णय घेणारे सगळे तिथेच होते. परवानगी मिळाली आणि काशिने नावाच्या मोठ्या बागेच्या पश्चिम टोकाला, जिथे आर्नो नदीला मुन्योने नावाची छोटी नदी मिळते त्या संगमावर, रात्रीच दहन झालं. त्याच जागी १८७४ मध्ये स्मारक उभं राहिलं. छत्रीखाली महाराजांचा फेटा घातलेला अर्धपुतळा आहे, तो चार्ल्स फ्रान्सिस फुलर ह्या फ्लॉरेन्समध्येच राहणाऱ्या इंग्रज शिल्पकाराने केला, आणि छत्रीचं डिझाईन चार्ल्स मँटचं. मँट म्हणजे तोच, ज्याने तुमच्या कोल्हापूरचा न्यू पॅलेस आणि टाऊन हॉल बांधला! १९७०च्या दशकात तिथे मोठा पूल झाला त्यालाही 'पोंते आल्लिंदियानो' म्हणजे भारतीयाजवळचा पूल असंच नाव मिळालं, आणि आज बसवर, ट्रॅफिकच्या बोर्डांवर, लोकांच्या तोंडी ती सगळी जागाच 'इंदियानो' झालीय.

महाराज इंग्रजांच्या सिमेटरीत असायचा प्रश्न नव्हता, त्यांना दहनच हवं होतं. पण १८७० मध्ये ती सिमेटरी चालू होती, आणि दोन्ही जागांच्या मागची अडचण मला एकच वाटते : परक्या गावात, तिथल्या धर्माबाहेरचा माणूस मेला तर त्याला कुठे न्यायचं.

प्रश्न (नाशिक) : इंग्रजांचं इटलीत ना राज्य ना लष्कर, मग एवढे इंग्रज तिथे मेले कसे? आणि इटालियन पण ख्रिश्चन, इंग्रज पण ख्रिश्चन, मग वेगळी दफनभूमी कशाला?

प्रश्न एकदम मुद्द्याचा आहे, थोडं सविस्तर सांगतो.

१८१५ ला नेपोलियनची युद्धं संपली आणि युरोपचे रस्ते मोकळे झाले. फ्लॉरेन्समध्ये राहणं लंडनपेक्षा कितीतरी स्वस्त, म्हणजे इंग्लंडमध्ये जेमतेम भागणारं उत्पन्न असेल तर इथे मोठं घर आणि दोन नोकर परवडायचे. त्यामुळे कर्ज झालेले आले, घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न केलेले आले, चित्रकार-शिल्पकार आले, आणि सगळ्यात जास्त आले ते क्षयाचे पेशंट. क्षयावर तेव्हा औषधच नव्हतं, डॉक्टर सांगायचे दक्षिणेला जा, ऊन घ्या, कोरड्या हवेत राहा. मग माणूस बोटीने, घोडागाडीने आठवडेच्या आठवडे प्रवास करून यायचा आणि बऱ्याचदा एक-दोन हिवाळ्यात संपायचा. एवढ्या कबरी आहेत त्या ह्याच्यामुळे. त्यात बाळंतपणात गेलेल्या बायका आणि लहान मुलं धरा, ती तर त्या काळी सगळीकडेच जायची.

आणि वेगळी दफनभूमी का, तर इंग्रज बहुतेक प्रोटेस्टंट आणि टस्कनी, म्हणजे फ्लॉरेन्स ज्यात येतं ते राज्य, कट्टर कॅथलिक. कॅथलिक चर्चच्या लेखी प्रोटेस्टंट म्हणजे पाखंडी, आणि चर्चच्या पवित्र जमिनीत पाखंड्याला जागा नाही, विषय संपला. १८२७ पर्यंत फ्लॉरेन्समध्ये असा कोणी गेला की घरच्यांना प्रेत ९० किलोमीटरवरच्या लिव्होर्नो बंदराला न्यावं लागायचं, कारण तिथे व्यापारामुळे परधर्मीयांना बरीच मोकळीक होती आणि इंग्रजांची जुनी दफनभूमी होती. टोबायस स्मॉलेट हा कादंबरीकार १७७१ ला गेला, तो तिथेच आहे. उन्हाळ्याच्या दिवसांत तेवढा रस्ता, बैलगाडी नाहीतर घोडागाडी, मागे रडणारी माणसं... मला तर ते वाचतानाही नको वाटतं.

शेवटी १८२७ मध्ये फ्लॉरेन्समधल्या स्विस प्रोटेस्टंट चर्चने ग्रँड ड्यूककडून, म्हणजे टस्कनीच्या राज्यकर्त्याकडून, शहराच्या तटाबाहेर, पोर्ता आ पिंती नावाच्या वेशीपाशी जमीन घेतली आणि पुढच्या वर्षापासून दफन सुरू झालं. म्हणजे मालकी पहिल्यापासून आजपर्यंत स्विस लोकांची, पण निम्म्याहून जास्त कबरी इंग्रजांच्या म्हणून सगळं गाव तिला इंग्रजांची म्हणायला लागलं. स्विस, अमेरिकन, रशियन असे कितीतरी देशांचे लोक आहेत, एकूण साधारण १४०० जण.

आज तुम्ही गेलात तर ती रिंगरोडच्या ऐन मध्यात दिसते, दोन्ही बाजूंनी गाड्या धावतायत आणि मधोमध सायप्रसची झाडं असलेली अंड्याच्या आकाराची टेकडी. ती मुद्दाम तिथे ठेवली असं वाटतं पण तसं नाहीये. राजधानी झाल्यावर जुसेप्पे पोज्जी ह्या आर्किटेक्टने शहराचा जुना तट पाडून तिथे मोठे रस्ते काढले, आणि वेशीबाहेरची जागा एकदम शहरात आली. शहरात दफन करायचं नाही असा नियम, त्यामुळे १८७७ ला ती बंद झाली आणि पुढच्या लोकांसाठी शहराच्या दक्षिणेला आल्लोरी नावाची नवी जागा झाली.

प्रश्न (पुणे) : मी इंग्रजी साहित्याची स्टुडंट आहे. एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग ह्या कवयित्रीची कबर तिथे आहे ना? तिचा नवरा, कवी रॉबर्ट ब्राउनिंग, तिच्या शेजारी का नाही? आणि कीट्स, शेली हे कवी पण तिथेच का?

कीट्स-शेली आधी सांगून टाकतो. ते रोमला, सेस्टियसच्या पिरॅमिडजवळच्या प्रोटेस्टंट सिमेटरीत. कीट्स क्षयानेच गेला, फेब्रुवारी १८२१, वय २५, आणि त्याच्या दगडावर त्याचं नावच नाही. शेली १८२२ ला समुद्रात बुडाला, क्वारंटाईनच्या नियमामुळे व्हियारेज्जोच्या किनाऱ्यावर त्याला जाळावं लागलं आणि राख रोमला पुरली.

एलिझाबेथ मात्र फ्लॉरेन्सला आहे. चाळिशीची, वर्षानुवर्षं खोलीत पडून असलेली आजारी बाई, बापाने एकाही मुलाला लग्न करू द्यायचं नाही असं ठरवलेलं, आणि तिने सप्टेंबर १८४६ मध्ये वयाने लहान असलेल्या रॉबर्टशी चोरून लग्न केलं आणि आठवड्याभरात विल्सन नावाची मोलकरीण आणि फ्लश नावाचं कुत्रं घेऊन इटलीची वाट धरली. बापाने शेवटपर्यंत तोंड पाहिलं नाही. फ्लॉरेन्सच्या कासा ग्वीदी ह्या घरात ती लिहिती राहिली, तिथेच १८४९ ला मुलगा झाला, तोही इतकी गर्भपातं झाल्यावर. इटलीच्या स्वातंत्र्यासाठी तिने जीव तोडून कविता लिहिल्या, आणि जिचं घराणं जमैकातल्या मळ्यांवर गुलामांच्या कष्टांनी श्रीमंत झालं त्या घरात जन्मून गुलामगिरीविरुद्ध लिहिलं, मला तिच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर ह्यासाठी वाटतो. २९ जून १८६१ ला ती गेली. फ्लॉरेन्सच्या नगरपालिकेने घरावर पाटी लावली की हिच्या कवितेने इटली आणि इंग्लंडमध्ये सोन्याचं कडं जोडलं.

तिथे गेलीस तर नाव शोधत बसू नकोस. खांबांवर उचललेली संगमरवरी पेटी आहे, चित्रकार फ्रेडरिक लेटनने डिझाईन केलेली, आणि तिच्यावर फक्त 'ई. बी. बी.' आणि १८६१ एवढंच. लोक शेजारून निघून जातात, कळतच नाही.

रॉबर्ट ती गेल्यावर मुलाला घेऊन इंग्लंडला गेला आणि फ्लॉरेन्सला परत कधीच आला नाही. १८८९ ला तो व्हेनिसमध्ये मुलाच्या घरी वारला. तिच्याजवळ नेता आलं असतं, पण सिमेटरी १२ वर्षांपूर्वीच बंद झालेली! त्याला लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबेत पुरलं. मोठा मान आहे तो, पण रस्तारुंदीमुळे नवरा-बायको कायमचे लांब राहिले हे मला अजून पटत नाही.

प्रश्न (ठाणे) : आमच्यासारख्या साध्या वाचकांनी बाकी कोणाच्या कबरी पाहाव्यात? भारताशी काही कनेक्शन?

कनेक्शन आहे आणि सुंदर आहे. वॉल्टर सॅव्हेज लँडर हा कवी १८६४ ला, ८९व्या वर्षी इथे गेला. तरुणपणी त्याची रोझ एल्मर नावाची मैत्रीण होती, ती भारतात आली आणि १८०० साली कलकत्त्याला वारली, अगदी कोवळ्या वयात. तिच्यावर त्याने आठ ओळींची कविता लिहिली आणि ती आजही कलकत्त्याच्या पार्क स्ट्रीट सिमेटरीत तिच्या थडग्यावर कोरलेली आहे. ती एका परक्या गावात, हा दुसऱ्या. म्हातारपणी लँडरला घरच्यांनी बाहेर काढलं तेव्हा रॉबर्ट ब्राउनिंगने त्याची सोय केली, आणि कुठे, तर त्याच विल्सनच्या घरी, जी एलिझाबेथची मोलकरीण होती.

आर्थर ह्यू क्लफ हा कवी पण इथेच, ४२व्या वर्षी १८६१ ला गेला. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या कामात तो वर्षानुवर्षं बिनपगारी मदत करायचा, आणि ती स्वतः ह्याच शहरात जन्मली, म्हणून तर तिचं नाव फ्लॉरेन्स. चित्रकार होल्मन हंट बायकोला घेऊन पूर्वेकडे निघाला होता, कॉलऱ्याच्या क्वारंटाईनमुळे फ्लॉरेन्सला अडकला, तिथे मुलगा झाला आणि थोड्याच दिवसांत, डिसेंबर १८६६ मध्ये बायको गेली. तिच्या थडग्याचा दगड हंटने स्वतःच्या हाताने घडवला, त्याच्यासमोर थोडा वेळ थांबाच.

आणि नादेझ्दा. ही नूबियाची, म्हणजे आजच्या सुदान-इजिप्तच्या सीमेवरची मुलगी, १४व्या वर्षी गुलाम म्हणून फ्लॉरेन्सला आणलेली. एका रशियन कुटुंबात तिचा बाप्तिस्मा झाला, तिच्या दगडावर रशियन अक्षरं आहेत. कवींच्या कबरींवर सगळे फुलं ठेवतात, तुम्ही हिच्या कबरीवर ठेवा.

प्रश्न (सातारा) : स्पष्टच विचारतो. ज्यांनी आपल्यावर दीडशे वर्षं राज्य केलं त्या इंग्रजांच्या कबरी पाहायला आपण पैसे खर्चून का जायचं?

राग समजू शकतो, आणि फक्त इंग्रज म्हणून कोणी तिथे डोकं टेकवावं असं मी कधीच म्हणणार नाही. पण तिथे कोण आहे ते बघा ना. बोस्टनचा धर्मोपदेशक थिओडोर पार्कर, अमेरिकेतून पळालेल्या गुलामांना लपवायचा, त्यासाठी त्याच्यावर खटला भरला होता, तो क्षयाने खंगून १८६० ला इथे मेला. १८८७ ला फ्रेडरिक डग्लस, जो स्वतः गुलाम म्हणून जन्मला आणि पळून स्वतंत्र झाला, तो फ्लॉरेन्सला आल्या आल्या पहिल्यांदा कुठे गेला तर पार्करच्या कबरीवर. डग्लसला गोऱ्यांचा राग यायला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त कारणं होती.

शिवाय तिथले बहुतेक लोक गव्हर्नर नाहीत की जनरल नाहीत. आजारी पोरंपोरी, गव्हर्नेस, नोकर, तान्ही मुलं. चित्रकार ब्योकलिनची मारिया नावाची तान्ही मुलगीही इथेच आहे, त्याचं सायप्रसच्या झाडांचं मृतांचं बेट असलेलं जगप्रसिद्ध चित्र ह्याच जागेवरून सुचलं असं मानतात. आणि अलीकडे ही पडझड झालेली जागा परत उभी करायला, वाफे लावायला, दगड साफ करायला हात कोणाचे लागले, तर रोमा म्हणजे जिप्सी समाजातल्या लोकांचे, ज्यांना युरोपात आजही कोणी दारात उभं करत नाही. तरी जावंसं वाटलं नाही तर जाऊ नका, पण तुमच्या आधी डग्लस जाऊन आलाय एवढं लक्षात ठेवा.

प्रश्न (म्युनिक) : वीकेंडला फ्लॉरेन्सला जातोय, हातात एकच दिवस आहे. दोन्ही जागा होतील का?

आरामात होतील. सिमेटरी पियात्साले दोनातेल्लोला आहे, जुन्या शहरातून चालत जाता येतं, पण ती सगळ्या दिवशी सगळ्या वेळी उघडी नसते म्हणून आधी वेळ चेक करा आणि सकाळीच उरका. दारापाशी दफन झालेल्यांची माहिती मिळते, ती घेऊन मगच आत शिरा, नाहीतर १४०० दगडांत हरवाल. दुपारनंतर काशिने. ही बाग नदीकाठाने साडेतीन किलोमीटर लांब पसरलीय आणि स्मारक एकदम शेवटी आहे, तर सायकल भाड्याने घ्या, लहान मुलं असतील तर पाण्याच्या बाटल्या आणि खायला काहीतरी बरोबर असू द्या. कोणाला रस्ता विचारायचा झाला तर महाराजांचं नाव सांगून उपयोग नाही, 'इंदियानो' म्हणा, कोणीही सांगेल.