‘बजेट’ आधी पिशवी, मग हिशेब

प्रश्न असा आहे: ‘बजेट’ हा शब्द मूळचा फ्रेंच की इंग्रजी, आणि फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ खरंच ‘पिशवी’ होतो का?

पिशवी होती ती ‘बूझेत’. जुन्या फ्रेंचमध्ये ‘बूझ’ म्हणजे चामड्याची थैली, आणि बूझेत म्हणजे तशीच छोटी थैली. त्यामागे लॅटिन ‘बुल्गा’, आणि लॅटिनने तो घेतला गॉलच्या, म्हणजे प्राचीन फ्रान्सच्या, केल्टिक भाषेतून. फुगवटा या अर्थाचा इंग्रजी ‘बल्ज’ त्याच घरातला. फ्रेंच ‘बूझे’, म्हणजे हलणं, याचं मात्र इथे काही नातं नाही. आवाज सारखा म्हणून लोक हमखास फसतात.

पंधराव्या शतकात बूझेत इंग्रजीत गेला, तोही थैली म्हणूनच. शेक्सपिअरच्या ‘द विंटर्स टेल’मध्ये कल्हईवाल्याच्या खांद्यावर डुकराच्या कातड्याचं ‘बजेट’ आहे. त्यात पैसे नव्हेत, हत्यारं! पुढे थैलीत जे असेल त्यालाही तेच नाव पडलं.

पैशाशी गाठ पडली ती थट्टेतून. 1733 मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान वॉलपोल यांच्या करयोजनेवर ‘बजेट उघडलं’ अशा नावाची पुस्तिका निघाली. तिच्यात त्यांना जत्रेत औषधांची पोतडी उघडणाऱ्या वैदूच्या रांगेत बसवलं होतं. टोमणा विरला, शब्द टिकला. त्याच शतकात फ्रेंचांनी तो हिशेबाच्या अर्थाने परत घेतला आणि उच्चार केला ‘ब्युजे’, शेवटचा ‘ट’ मुका. म्हणून ‘फ्रेंचमध्ये बजेट म्हणजे पिशवी’ हे विधान चूक. ब्रिटिश अर्थमंत्री ग्लॅडस्टन यांची बजेटचे कागद नेण्याची लाल पेटी 1860च्या सुमाराची, म्हणजे शब्दाच्या पैशाच्या अर्थाहून सव्वाशे वर्षांनी धाकटी. शब्द तिच्यावरून आलेला नाही.

मराठीत तो नपुंसकलिंगी: ‘लग्नाचं बजेट कोलमडलं’. सरकारी कामात राज्य आणि केंद्रासाठी ‘अर्थसंकल्प’ रुळला आहे, महापालिकेसाठी ‘अंदाजपत्रक’ही चालतं. पण हा दुसरा शब्द जपून वापरावा. अभियंता रस्त्याच्या खर्चाचा जो तपशील मांडतो, तेही अंदाजपत्रकच. ‘अंदाजपत्रक मंजूर झालं’ एवढंच लिहिलं, तर एका रस्त्याचा खर्च मंजूर झाला की पालिकेचा वर्षभराचा जमाखर्च, हे वाचणाऱ्याला कळत नाही. तिथे ‘कामाचं’ किंवा ‘वार्षिक’ असं एक विशेषण लावलं की भागतं.